पावतीवरचं नाव

"तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा" म्हणून संपादक घरी आले, तेव्हा मला हसूच आलं. त्या नोकरीची पहिली अटच अशी होती की तिच्यातलं काही कुणाला सांगायचं नाही. बायकोला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही, आणि आता दिवाळी अंकातून एकदम सगळ्या जिल्ह्याला सांगायचं! संपादक म्हणाले, "साहेब, जेवढं सांगता येतं तेवढंच लिहा." मी म्हणालो, "मग पान कोरं छापा." ते हसले, चहा प्यायले आणि गेले. पुढे दोन महिने मी टाळाटाळ केली. आज लिहायला बसलोय ते एका माणसापायी. तो माणूस मी आयुष्यात कधी पाहिला नाही. निदान मला तसं वाटत होतं.

आधी काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लष्कराचा बहुतेक खर्च उघड असतो. तो छापला जातो, त्यावर चर्चा होते, आरडाओरडा होतो. एक लहानसा भाग मात्र झाकलेला असतो. पैसे कुणाला दिले, कुठे दिले, कशासाठी दिले, हे त्यात कागदावर येत नाही. नोकरीची शेवटची दहा वर्षं मी दिल्लीत या झाकलेल्या भागाच्या अर्थविभागाचा प्रमुख होतो. जालन्यात कुणी विचारलं तर "मिलिटरीच्या हिशेबात आहे" एवढं सांगायचो. त्याचा अर्थ इकडे "साहेब जवानांचे पगार वाटतात" असा झाला, आणि मीही तो कधी दुरुस्त केला नाही.

अशा खात्यात विचारणारं कुणी नसेल, नुसती चंगळ असेल, असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे विचारणारा एक माणूस असतो, आणि तो मी होतो. मागणी घेऊन येणारा अधिकारी कितीही मोठा असो, त्याला माझ्यासमोर बसावं लागे आणि मी विचारायचो, "हे नसताना आजवर काम चाललंच ना?" या एका प्रश्नानं भलेभले घायकुतीला येत. वर्षाच्या शेवटी मी एका कागदावर सही करायचो. रकमा ज्या कामासाठी दिल्या त्याच कामासाठी खर्च झाल्या, याबद्दल माझी स्वतःची खात्री पटली आहे, एवढाच त्यावर मजकूर. सोबत एकही कागद जोडायचा नाही. माझी खात्री हाच पुरावा.

या खात्यातली आणखी एक गंमत सांगतो. इतर कचेऱ्यांत माणूस जेवढा मोठा होतो तेवढं त्याच्या हातचं काम कमी होतं. आमच्याकडे उलटं. पावत्या कारकुनाला दाखवायच्या नाहीत म्हणून कारकुनी कामही आम्हीच करायचो. माझ्यासकट तीन अधिकारी. दार लावून, चष्मे पुसून, एकेक चिठोरं तपासायचो. तपासून झालं, माझी सही झाली की त्या सगळ्या पावत्या कचेरीच्या मागच्या अंगणात लोखंडी पिंपात घालून जाळायच्या. तिघांनी उभं राहून बघायचं. राख काठीनं ढवळायची, वर पाणी ओतायचं आणि 'नष्ट केले' म्हणून तिघांनी सही करायची. भर दुपारी सुटाबुटातली तीन माणसं राख ढवळतायत, हे बघून एकदा शेजारच्या इमारतीतल्या बाई खिडकीतून म्हणाल्या होत्या, "काही भाजताय का?"

एकदा एक कर्नल माझ्याकडे बकऱ्यांची मागणी घेऊन आले. डोंगराळ भागातली कसली तरी तुकडी, नाव नाही, नुसता आकडा. मी विचारलं, "बकऱ्या कशाला?"

"सांगता येत नाही."

"किती दिवसांसाठी?"

"सांगता येत नाही."

"नंतर परत करणार की खाऊन टाकणार?"

कर्नल दुखावले. म्हणाले, "सर, त्या ड्यूटीवर आहेत."

मी गावातला माणूस. मागणीतला बकरीचा भाव पाहिला आणि म्हणालो, "कर्नलसाहेब, आमच्या जालन्याच्या बाजारात एवढ्यात दुभती म्हैस मिळते." ते पहिल्यांदा मोकळे हसले. भाव कमी केला. मग जरा अडखळत म्हणाले, "सोबत एका माणसाची मजुरीही धरावी लागेल. स्थानिक नाही, कुठून तरी भटकत आलेला मजूर आहे. पण जनावरं त्याचंच ऐकतात." मी ती मंजूर केली. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर खूश होतो.

त्याच वर्षअखेरीला पावत्या तपासत असताना त्या तुकडीचा गठ्ठा माझ्या वाट्याला आला. आमचा नियम असा की मजुराच्या पावतीवर फक्त क्रमांक असावा आणि अंगठा. बाकी पावत्या तशाच होत्या. एका पावतीवर मात्र क्रमांकाच्या खाली, शाईनं, शाळेतल्या फळ्यावर मास्तर काढतात तशा सुबक अक्षरात लिहिलं होतं: कडुबा, पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन.

काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. माझं गाव त्याच तालुक्यातलं. लहानपणी बैलगाडीत बसून मी पिंपळगावला देवीच्या दर्शनाला गेलोय. दिल्लीच्या त्या बंद खोलीत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्या हाताखाली माझ्या मुलखाचं नाव आलं होतं. क-ची शेपूट लांबवून लिहिण्याची त्याची ढब होती. मी ते दोनदा वाचलं. शेजारच्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यानं विचारलं, "काय लिहिलंय? कुठली भाषा?" मी म्हणालो, "मराठी. माझ्याकडचा आहे."

आणि मग मी काय केलं? मी आक्षेप घेतला. 'पावतीवर नाव व गाव लिहिणे ही सुरक्षेची गंभीर चूक आहे, ही प्रथा ताबडतोब बंद करावी', असं माझ्या हातानं लिहून त्या तुकडीला पाठवलं. नियमानं बरोबरच होतं. तो कागद भलत्याच्या हाती पडला असता तर कडुबाच्या जिवाला धोका होता. वरच्यांनी माझी पाठ थोपटली, कारण त्या खोलीत हे माणसाचं आणि गावाचं नाव आहे हे ओळखणारा मीच होतो, म्हणून चूक पकडली गेली. आठवड्याभरानं ती पावती बाकीच्यांबरोबर पिंपात गेली. पुढच्या वर्षीपासून त्या क्रमांकासमोर नुसता जांभळा अंगठा येऊ लागला. ज्याला इतकं देखणं लिहिता येत होतं, त्याला मी अंगठाबहाद्दर करून टाकलं. त्या वेळी हे मनातसुद्धा आलं नाही.

निवृत्त झाल्यावर जालन्याला परतलो. जुन्या जालन्यात, धान्याच्या आडतींच्या मागच्या गल्लीत आमचं लहान घर आहे. समोर चहाची टपरी, दिवसभर ऑटोंची पों-पों. दिल्लीच्या शांततेनंतर मला ती बरी वाटते. पाच वर्षं सुखात गेली. मग गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एक दिवस गयाबाई आल्या.

साठीच्या आसपासच्या, डोक्यावरून पदर, हातात मिरच्यांची पिशवी. पिंपळगावची मिरची आमच्या भागात नावाजलेली. पिशवी त्यांनी माझ्या बायकोच्या हातात दिली आणि उंबऱ्याजवळच बसल्या. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसेनात.

"साहेब, तुम्ही दिल्लीला व्हते ना, मिलिटरीत?"

"होतो."

"आमचे मालक नऊ वर्षं घरी नव्हते. मोसंबीच्या ट्रकवर हमाल म्हणून गेल्ते तिकडं उत्तरेत. ट्रक परत आला, हे न्हाई आले. दर म्हैन्याला मनीऑर्डर यायची. मंग एक दिवस आले, दम्यानं पार खंगून. कुठं व्हते म्हणून विचारलं तर म्हणायचे, सांगता येत न्हाई. मरेपर्यंत तेच. सारं गाव म्हणतंय, जेलात व्हते, पैसाबी जेलातल्या मजुरीचाच. आमचं पोरगंबी तेच धरून बसलंय."

मी विचारलं, "मालकांचं नाव?" उत्तर येण्याआधीच ते मला ठाऊक झालं होतं.

"कडुबा," त्या म्हणाल्या. "मागल्या थंडीत गेले. जायच्या आधी मला एकच गोष्ट सांगितली. म्हणले, दिल्लीत आपल्या जालन्याकडचा एक मोठा साहेब आहे, त्यानं माझं नाव वाचलंय. त्यांच्या वरच्या साहेबानं हसून सांगितल्तं म्हणे, कडुबा, तुझ्या मुलखातला माणूस निघाला दिल्लीत, त्यानं बराबर तुझं नाव अन् गाव वाचलं. लई खूश व्हते ते त्या गोष्टीवर. शेवटच्या दिवसांतबी काढायचे."

माझ्या आक्षेपावर तो खूश होता! नाव लिहू नको म्हणून गेलेला कागद त्यानं मनात जपला होता, कारण त्याचा अर्थ त्याच्यापुरता एवढाच होता की कुणीतरी आपल्याकडच्यानं आपलं नाव वाचलं.

गयाबाईंनी कनवटीची पुडी सोडली आणि मनीऑर्डरच्या चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या. प्रत्येकीवर एकच ओळ होती. 'खुशाल आहे. काळजी नसावी.' काळजीतल्या क-ची शेपूट लांब.

"मला पैसा न्हाई पायजे साहेब, पेन्शन न्हाई पायजे," त्या म्हणाल्या. "संतोषला फक्त एकदा सांगा, तुझा बाप जेलात नव्हता. तो वर्षश्राद्ध करायला तयार न्हाई. म्हणतो, चोराचं कशाला घालायचं."

आता वाचकहो, मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "बाई, असं काही माझ्या माहितीत नाही."

हे वाक्य मला आयुष्यभर पाठ होतं. मंत्र्यांच्या माणसांना सांगितलं, पत्रकारांना सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं. तोंडातून आपसूक बाहेर पडलं. शपथ होती, कायदा होता, हे सगळं खरं. पण मनाशी प्रामाणिक राहून सांगतो, भीतीपेक्षा ती सवय होती. गयाबाईंनी चिठ्ठ्या गोळा करून पुन्हा पुडीत बांधल्या. "बरं," म्हणाल्या, "मंग दुसराच कोणी साहेब असंल." चहासुद्धा न घेता त्या निघाल्या.

त्या गेल्यावर बायको आतून आली. तिनं मला चाळीस वर्षांत कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशीही विचारला नाही. एवढंच म्हणाली, "त्या चिठ्ठ्या वाचताना तुम्ही एकाच अक्षरावर बोट फिरवत होता. त्यांनी पाहिलं ते."

पुढचे कितीतरी दिवस वाईट गेले. बकऱ्या कशासाठी होत्या, तुकडी कुठे होती, हे मी आजही सांगणार नाही आणि मरेपर्यंत सांगणार नाही. ते सांगायचा मला अधिकार नाही. पण एखादा माणूस चोर नव्हता, हे कुठल्या देशाचं गुपित असतं? एवढा साधा प्रश्न मला कुणाला तरी विचारायचा होता, आणि प्रश्न विचारणारा तर आयुष्यभर मीच होतो. शेवटी पाऊसकाळ संपता संपता मी टेबलाशी बसून एक कागद लिहिला, घडी करून खिशात घातला आणि पिंपळगावला गेलो.

बाजारात मिरचीचे ढीग लागले होते. मला शिंकांवर शिंका. संतोष तिथेच काट्यावर पोती मोजत होता. पस्तिशीचा, दणकट, कपाळाला आठ्या. माझी ओळख सांगितली तर म्हणाला, "आई आल्ती तुमच्याकडं. तुम्ही न्हाई म्हणले ना? मंग आता कशाला आले?" मी म्हणालो, "घरी चल, आईसमोर सांगतो." त्यानं काटा दुसऱ्याच्या हवाली केला आणि माझ्यापुढे चालू लागला.

घरी ओट्यावर गयाबाई मिरच्यांचे देठ खुडत होत्या. मी कागद संतोषच्या हातात दिला. आईला वाचता येत नाही म्हणून त्यानं मोठ्यानं वाचला. "प्रमाणित करण्यात येते की सदर व्यक्ती नऊ वर्षे सरकारी कामावर होती. ते काम अवघड होते व सदर व्यक्तीने ते इमानदारीने केले. याबद्दल माझी स्वतःची खात्री पटली आहे. सोबत कोणतेही कागद जोडलेले नाहीत." खाली माझी सही.

गयाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. देठ खुडणारा हात थांबला होता. मग त्या हळूच म्हणाल्या, "यात त्यांचं नाव न्हाई आलं का?"

मी कागद परत घेतला, वाचला. खरंच नव्हतं. चार वेळा खाडाखोड करून, नीट विचार करून लिहिलेल्या त्या कागदावर मी सगळं लिहिलं होतं आणि नाव तेवढं लिहिलं नव्हतं. हाताला वळणच नव्हतं. मला तिथे, त्या बाईसमोर, भडभडून आलं आणि मी ते लपवलं नाही. संतोषनं खिशातलं पेन काढून दिलं. 'सदर व्यक्ती' खोडून मी वर लिहिलं: कडुबा, पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन. माझं अक्षर त्याच्याइतकं चांगलं नाही.

संतोषनं विचारलं, "मंग कुठं व्हते ते?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

त्याचा चेहरा एकदम बदलला. "बाबाबी असंच म्हणायचे," तो म्हणाला. "याच आवाजात. मला वाटायचं, लाज वाटून राह्यली म्हणून सांगत न्हाईत." खाली बसला. "एकदा माझ्या लेकाला ते अक्षर काढायला शिकवून राह्यले व्हते. मी म्हणलो, जेलातून आलेल्यानं माझ्या पोराला न्हाई शिकवायचं. तवापासून घरात जेवले न्हाईत, ताट घेऊन इथं ओट्यावर बसायचे. साहेब, तुम्ही पाच वर्षांपासून जालन्यात आहात. एक वर्ष आधी आले असते तर?"

मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं रे, ते इथे आहेत म्हणून."

"त्यांना माहीत व्हतं," गयाबाई म्हणाल्या. "तुम्ही आले त्या सालीच कोणीतरी सांगितलं, दिल्लीचे साहेब आलेत म्हणून. मोठ्या हौसेनं धुतलेलं धोतर घालून जालन्याला गेल्ते. तुमच्या घरासमोर चहाची टपरी आहे ना, तिथं बसले. तुम्ही पेपर घ्यायला बाहेर आल्ते म्हणे, टपरीवाल्याशी दोन शब्द बोलले. यांनी तुम्हाला डोळे भरून पाहिलं अन् परत आले. मी म्हणलं, बोलले का न्हाई? तर म्हणले, आपण ओळख दाखवली तर साहेबांना अडचण होईल."

परतताना गाडीत मी ती सकाळ आठवायचा खूप प्रयत्न केला. टपरीवर रोजच माणसं असतात. धोतरवालेही असतात. वर्षानुवर्षं ज्याचा अंगठा मी तपासला त्याच्यापासून पाच हातांवर उभा राहून मी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या असतील, आणि तो गुपित सांभाळत चहा पीत बसला असेल. ती शपथ आम्हा दोघांत त्यानं जास्त चांगली पाळली. मी ती मोठ्या पगारावर पाळली, आणि त्यानं घरातलं ताट सोडून पाळली.

संतोषनं वर्षश्राद्ध घातलं. मला बोलावणं होतं, मी गेलो. जेवणाआधी त्यानं तो कागद गावकऱ्यांसमोर वाचला. कुणी विचारलं, "काम काय व्हतं पण?" संतोष म्हणाला, "सांगता येत न्हाई," आणि पंगतीला वाढायला वळला.

संपादकांना लेख दिला तेव्हा ते म्हणाले, "साहेब, अशा लेखात खऱ्या माणसांची नावं बदलायची पद्धत आहे." मी गयाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अंकात त्यांचं नाव येईल ना साहेब? संतोष वाचून दाखवणार आहे." म्हणून बाकीच्यांची नावं मी बदलली आहेत, माझंही लेखावर टाकू नका म्हणून सांगितलं आहे. कडुबाचं आणि त्याच्या गावाचं मात्र त्यानं लिहिलं होतं तसंच राहू द्यावं, अशी संपादकांना हात जोडून विनंती आहे. ते एकदा मी जाळलं आहे.